तिसरी ओळ

२०२१ च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, महाराष्ट्रात कुणाची विचारपूस करताना 'ताप उतरला का?' असं कुणी विचारत नव्हतं. 'स्कोअर किती आला?' असं विचारत होतं. एचआरसीटीतला, म्हणजे छातीच्या सीटी स्कॅनमधला, पंचवीसपैकीचा तो आकडा घराघरांत पाठ झाला होता. त्या दिवसांत नात्यातल्या, शेजारपाजारच्या लोकांच्या औषधांच्या चिठ्ठ्यांचे फोटो माझ्या फोनवर येत. खाली एवढंच लिहिलेलं असे: 'बरोबर आहे ना गं?' मी डॉक्टर नाही, विज्ञानावर लिहिते. 'तुमच्या डॉक्टरांना पुन्हा एकदा विचारा' यापलीकडे मला काही सांगता यायचं नाही. पण त्यातली एक चिठ्ठी अजून डोळ्यांसमोर आहे. तापाचा दुसरा दिवस, ऑक्सिजन ९७, धाप नाही, आणि यादीत चौथी स्टेरॉइडची गोळी, दिवसातून दोनदा, दहा दिवस.

ती गोळी त्या चिठ्ठीत कशी आली, याचा माग काढत गेलं की आपण ब्रिटनमध्ये पोहोचतो, महासाथीतल्या एका फार सुंदर संशोधनापाशी. त्या संशोधनाचा निकाल तीन ओळींचा होता. पहिल्या दोन ओळींनी जगभर जीव वाचवले. तिसरी ओळ आपल्याकडे येईपर्यंत वाटेत कुठेतरी गळून गेली.

मार्च २०२० मध्ये ब्रिटनमधली रुग्णालयं भरू लागली तेव्हा या आजारावर काय द्यायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. स्टेरॉइडबद्दल तर डॉक्टरांमध्ये सरळ दोन तट होते. एका बाजूचं म्हणणं असं की रुग्णाच्या फुफ्फुसांचा दाह होतोय, आणि दाह शमवायला स्टेरॉइडसारखं दुसरं औषध नाही. दुसरी बाजू म्हणे की स्टेरॉइड प्रतिकारशक्ती दाबतं. सार्स आणि मर्स या कोरोना विषाणूंच्या आधीच्या साथींच्या वेळी स्टेरॉइड दिलेल्या रुग्णांच्या शरीरातून विषाणू जायला उशीर लागल्याचं दिसलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेनंही सुरुवातीला 'सरसकट देऊ नका' असंच सांगितलं होतं. दोन्हीकडे अनुभवी माणसं होती आणि दोन्हीकडचा तर्क पटण्यासारखा होता.

ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या पीटर हॉर्बी आणि मार्टिन लँड्रे यांनी 'रिकव्हरी' नावाची ट्रायल, म्हणजे औषधांची चाचणी, उभी केली ती अशा वेळी. १९ मार्च २०२० ला पहिला रुग्ण तिच्यात दाखल झाला. कल्पना जुनी आणि साधी होती: कोणत्या रुग्णाला कोणतं औषध मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. चिठ्ठी संगणक काढणार. डॉक्टरांनी निवडायचं नाही, रुग्णानंही नाही. काहींना नेहमीचे उपचार, काहींना नेहमीचे उपचार अधिक एक औषध. मग २८ दिवसांनी एकच गोष्ट बघायची, माणूस जिवंत आहे की नाही.

'माणसाच्या जिवावर चिठ्ठ्या टाकायच्या?' हा प्रश्न मी व्याख्यानांमध्ये दर वेळी ऐकते आणि तो विचारणाऱ्याचा मला राग येत नाही. ऐकायला हे निर्दयच वाटतं. पण चिठ्ठी न टाकता काय होतं ते बघा. डॉक्टर मनानं निवडतात. नवं औषध कधी सगळ्यात बिघडलेल्याला देतात, कधी 'हा वाचेल' असं वाटतं त्याला देतात, कधी ज्याचे नातेवाईक ते मिळवून आणतात त्याला. मग औषध घेतलेले जास्त वाचले, तर ते औषधानं वाचले की मुळातच धडधाकट होते म्हणून, हे सांगण्याचा मार्ग उरत नाही. चिठ्ठीमुळे दोन्ही गटांत वयं, मधुमेह, वजन, ऑक्सिजनची पातळी सारखी वाटली जाते. जे आपल्याला मोजता येत नाही, किंबहुना ज्याची आपल्याला कल्पनाही नाही, तेही सारखं वाटलं जातं. शिवाय एकाच आजारासाठी दोन रुग्णालयांत दोन वेगळी औषधं मिळत होती, तेव्हा कोणत्या दारात रुग्णवाहिका थांबली यावर उपचार ठरत होता. तीही चिठ्ठीच होती, फक्त तिची नोंद कुणी ठेवत नव्हतं.

'रिकव्हरी'चं खरं शहाणपण मला तिच्या आटोपशीरपणात दिसतं. पीपीई किट घालून बारा-बारा तास उभ्या असलेल्या परिचारिकेला चाळीस पानांचा फॉर्म भरायला सांगितला असता, तर ट्रायल पहिल्या आठवड्यातच बुडाली असती. इथे नोंद मोजकी होती. बाकीची बरीचशी माहिती राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या दप्तरातून मिळत होती. त्यामुळे मोठ्या विद्यापीठांच्या रुग्णालयांबरोबर लहान गावांतली रुग्णालयंही सामील झाली. जूनच्या मध्यापर्यंत सुमारे १७५ रुग्णालयांतले साडेअकरा हजारांहून अधिक रुग्ण ट्रायलमध्ये आले होते. त्यातल्या २,१०४ जणांना डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड मिळालं, रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. ४,३२१ जणांना फक्त नेहमीचे उपचार मिळाले.

१६ जून २०२० ला निकाल जाहीर झाला. पुढे छापून आलेले सविस्तर आकडे असे होते. व्हेंटिलेटरवर असलेल्यांपैकी डेक्सामेथासोनविना ४१.४ टक्के दगावले, डेक्सामेथासोन घेतलेल्यांपैकी २९.३ टक्के. ही पहिली ओळ. नुसता ऑक्सिजन लागत होता त्यांच्यात २६.२ टक्क्यांचे २३.३ टक्के झाले. ही दुसरी. ज्यांना ऑक्सिजनच लागत नव्हता त्यांच्यात आकडे उलटे फिरले: औषधाविना १४ टक्के, औषधासह १७.८ टक्के. ही तिसरी.

दुसऱ्या ओळीपाशी जरा थांबूया, कारण माझ्या मते सगळी गोष्ट तिथे आहे. शंभर रुग्णांमागे तीन जीव. समजा एका डॉक्टरांच्या हाताखाली ऑक्सिजनवरचे शंभर रुग्ण आहेत. औषधाविना सव्वीस जातील, औषध दिलं तर तेवीस. पण उपचारात काहीही बदल न करता, निव्वळ योगायोगानं, एका शंभरात बावीस जातात आणि पुढच्या शंभरात तीस. या चढउतारात ते तीन जीव कुठल्या कुठे हरवून जातात. डॉक्टर कितीही हुशार, कितीही अनुभवी आणि कितीही कळवळ्याचे असोत, खाटेशेजारी उभं राहून त्यांना हा फरक दिसणं शक्य नाही. 'माझ्या अनुभवात हे औषध चालतं' हे वाक्य प्रामाणिक असतं, पण इतका बारीक फरक टिपण्याची ताकद एका माणसाच्या अनुभवात नसते. आणि तो बारीक नाहीच. ऑक्सिजनवर एक लाख माणसं असतील, तर तो तीन हजार जीव इतका मोठा आहे. मार्च २०२१ मध्ये इंग्लंडच्या आरोग्य सेवेनं अंदाज दिला की या एका निष्कर्षामुळे ब्रिटनमध्ये २२ हजार आणि जगभरात सुमारे दहा लाख जीव वाचले. औषध १९५० च्या दशकातलं, कुणाच्याही मक्तेदारीत नसलेलं, आपल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी औषधाच्या दुकानात काही रुपयांत मिळणारं.

आता तिसरी ओळ. काटेकोरपणे बोलायचं तर १४ आणि १७.८ मधला फरक योगायोगानंही पडू शकतो. संशोधकांनीही 'स्टेरॉइडनं नुकसान होतंच' असं म्हटलं नाही. पण फायद्याचा मागमूस नव्हता आणि आकड्यांचा कल नुकसानाकडे होता. शरीरात काय घडतं ते पाहिलं की हे पटतंही. साधारण पहिल्या आठवड्यात विषाणू वाढत असतो आणि प्रतिकारशक्ती त्याच्याशी झुंजत असते. तेव्हा स्टेरॉइड देणं म्हणजे स्वतःच्याच सैन्याचे हात बांधणं. काहींच्या बाबतीत दुसऱ्या आठवड्यात चित्र पालटतं. विषाणू ओसरू लागतो, पण चवताळलेली प्रतिकारशक्ती फुफ्फुसांवरच उलटते, ऑक्सिजन घसरतो. स्टेरॉइडचं काम तिथे आहे. लक्षणं सुरू होऊन सात दिवस उलटून गेलेल्यांना फायदा जास्त झाला, हेही त्याच ट्रायलमध्ये दिसलं. औषध तेच, रुग्णही तोच. फरक चार-पाच दिवसांचा, आणि बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवरच्या आकड्याचा.

दुसऱ्या लाटेत आपल्याकडे हा फरक पुसला गेला. मी हे कुणाला दोष द्यायला लिहीत नाही. खाटा नव्हत्या, रेमडेसिव्हिर या विषाणूविरोधी इंजेक्शनसाठी दुकानांपुढे पहाटेपासून रांगा होत्या, आणि 'पुढे बेड मिळणार नाही, आत्ताच काहीतरी देऊन ठेवू' ही भीती डॉक्टरांच्याही मनात होती. मे महिन्याच्या सुरुवातीला दिल्लीच्या एम्सचे तेव्हाचे संचालक रणदीप गुलेरिया यांनी जाहीरपणे सांगितलं की सौम्य आजारात सुरुवातीलाच स्टेरॉइड घेऊ नका, उठसूट सीटी स्कॅन करू नका. तोवर बऱ्याच घरांत गोळ्या सुरू झालेल्या होत्या.

मग म्युकरमायकोसिस आला. लोक त्याला काळी बुरशी म्हणू लागले. खरं तर बुरशी काळी नसते, तिनं मारलेल्या पेशींचा भाग काळा पडतो. जुलै २०२१ पर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि सगळ्यात जास्त महाराष्ट्रात. डोळा काढावा लागलेली, वरचा जबडा गमावलेली माणसं आजही आपल्यात आहेत. त्यामागचं मोठं कारण होतं आटोक्यात नसलेला मधुमेह. स्टेरॉइड रक्तातली साखर वाढवतं आणि प्रतिकारशक्ती दाबतं, म्हणजे बुरशीला दोन्ही दारं उघडून देतं. देशातल्या १६ रुग्णालयांनी मिळून केलेल्या एका पाहणीतही स्टेरॉइडच्या अयोग्य वापराकडे बोट दाखवलं गेलं. म्हणून स्टेरॉइड वाईट, असं मात्र कृपा करून कुणी समजू नये. त्याच महिन्यांत त्याच गावांमध्ये ऑक्सिजनवरच्या असंख्य रुग्णांना त्यानंच तारलं.

प्लाझ्माची गोष्ट मला जास्त चटका लावते, कारण तिच्यात माणसांचा चांगुलपणा गुंतला होता. बरा झालेला माणूस स्वतःच्या रक्तातला, विषाणूशी लढणारी प्रतिपिंडं असलेला द्रव अनोळखी माणसाला देतो, याहून सुंदर कल्पना कोणती? राज्यानं जून २०२० मध्ये प्लाझ्मा उपचारांचा 'प्लॅटिना' प्रकल्प जाहीर केला तेव्हा मलाही भरून आलं होतं. त्याच सुमारास भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 'प्लॅसिड' ही ट्रायल चालू होती. २२ एप्रिल ते १४ जुलै २०२० या काळात ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांवर ती झाली, तीही चिठ्ठ्या टाकूनच. आजार बळावला किंवा मृत्यू आला, अशांचं प्रमाण प्लाझ्मा घेतलेल्यांत १९ टक्के, न घेतलेल्यांत १८. म्हणजे काहीच फरक नाही. पुढे 'रिकव्हरी'नं साडेअकरा हजार रुग्णांवर तपासलं: दोन्हीकडे २४ टक्के मृत्यू.

'प्लॅसिड' हा भारतीय डॉक्टरांनी ऐन साथीत, तीन महिन्यांच्या आत रुग्ण जमवून केलेला, जगातल्या पहिल्या काही भरवशाच्या प्लाझ्मा ट्रायलपैकी एक अभ्यास आहे. त्याचा आपल्याला जेवढा अभिमान असायला हवा होता तेवढा कधी वाटला नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये तो छापून आला. देशाच्या उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांमधून प्लाझ्मा वगळला गेला १७ मे २०२१ ला. मधल्या सात महिन्यांत 'बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा हवा आहे, अर्जंट' असे किती मेसेज आपण पुढे पाठवले ते आठवून बघा. मीही पाठवले. 'प्लॅसिड'चा निकाल माहीत असूनही पाठवले, कारण पलीकडे रडणाऱ्या माणसाला 'उपयोग नाही' म्हणायची हिंमत झाली नाही.

चिठ्ठ्या टाळून नुसती मोठी आकडेवारी गोळा केली तर? त्याचंही उत्तर त्याच वर्षी मिळालं. २२ मे २०२० ला 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ९६ हजार रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला लेख आला: हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधानं मृत्यू वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेनं आपली त्या औषधाची ट्रायल थांबवली. पुढे त्या नोंदी कुणालाच पडताळता येईनात आणि ४ जूनला लेख मागे घ्यावा लागला. दुसऱ्याच दिवशी 'रिकव्हरी'चा निकाल आला; पुढे छापून आलेले आकडे असे: औषधासह २७ टक्के मृत्यू, औषधाविना २५. फायदा नाही, तेव्हा औषध बंद. मलेरियाच्या त्या गोळीवरून देशोदेशींच्या नेत्यांनी घातलेला गोंधळ एवढ्या एका ओळीत मिटला.

सगळंच काही औषधांवर अवलंबून नव्हतं. जाग्या रुग्णाला पालथं झोपवायचं, ही फुकटातली गोष्टही सहा देशांतल्या अकराशेहून अधिक रुग्णांवर अशीच तपासली गेली. श्वासनलिकेत नळी घालावी लागणं किंवा मृत्यू, यांचं एकत्रित प्रमाण ४६ टक्क्यांवरून ४० वर आलं. पालथं झोपल्यावर पाठीकडच्या फुफ्फुसावरचा भार हलका होतो आणि तो भाग पुन्हा हवेनं भरू लागतो. ज्या परिचारिकांनी आणि मावश्यांनी घाबरलेल्या माणसांचा हात धरून त्यांना तासन्‌तास तसं पडून राहायला लावलं, त्यांची नावं कुठल्याच शोधनिबंधावर नाहीत.

'रिकव्हरी'नं पुढे स्टेरॉइडच्या मात्रेचाही प्रश्न घेतला. सहा मिलिग्रॅमऐवजी जास्त दिलं तर जास्त फायदा होईल, असं कुणालाही वाटेल. आपल्याकडे दुप्पट-तिप्पट मात्रा सर्रास दिल्या गेल्या त्या याच भावनेनं. २०२३ मध्ये निकाल छापून आला. साध्या ऑक्सिजनवर असलेल्या किंवा ऑक्सिजन लागत नसलेल्या रुग्णांमध्ये जास्त मात्रेच्या गटात १९ टक्के मृत्यू झाले, नेहमीच्या गटात १२. ट्रायलवर देखरेख करणाऱ्या स्वतंत्र समितीनं जास्त मात्रेचा तो गट आधीच थांबवला होता.

साथ ओसरल्यावर ही ट्रायल गुंडाळली गेली नाही. तीच पद्धत, तोच आटोपशीर फॉर्म घेऊन ती आता इन्फ्लूएन्झा आणि साध्या न्यूमोनियाच्या रुग्णांकडे वळली आहे. त्यांनाही स्टेरॉइड द्यावं की नाही, यावर डॉक्टरांमध्ये कित्येक वर्षं दोन तट आहेत.