घरदुरुस्तीतून वाढणारी इक्विटी

घराला आज बाजारात जी किंमत येईल तिच्यातून कर्जाची बाकी वजा केली की उरते ती मालकाची इक्विटी. बोलताना हा शब्द फारसा कोणी वापरत नाही. ‘बँकेचं फेडून हातात काय राहतं?’ असे विचारले जाते. जुने घर घेऊन दुरुस्त केल्यावर ही रक्कम किती वाढेल, हे खरेदीआधीच ताडावे लागते.

इक्विटी तीन वाटांनी वाढते. हप्त्यांतून मुद्दल फिटते, परिसराचा भाव चढतो आणि दुरुस्तीमुळे त्या घराला जास्त पैसे मोजणारे गिऱ्हाईक मिळते. दुरुस्तीची कमाई काढायची तर पहिल्या दोन गोष्टी बाजूला ठेवाव्या लागतात. बहुतेक जण ते करत नाहीत, आणि जागेच्या भाववाढीचे श्रेय नव्या टाइल्सना मिळते.

घरे घेऊन, दुरुस्त करून विकणाऱ्या अमेरिकी व्यावसायिकांचा एक ठोकताळा आहे : दुरुस्तीनंतरच्या किमतीच्या ७० टक्क्यांतून दुरुस्तीचा खर्च वजा करायचा आणि त्याहून जास्त देऊन घर घ्यायचे नाही. सोलापूरच्या पेठांत तो जसाच्या तसा लागू पडत नाही. शुक्रवार पेठ किंवा साखर पेठेतल्या जुन्या माळवदी, म्हणजे मातीच्या छताच्या घरात किंमत मुख्यतः खालच्या जागेची असते. गिऱ्हाईक पाडून बांधायच्या हिशेबाने आले, तर पीओपीच्या छताचे त्याला काहीच मोल नसते. जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडकडच्या आरसीसी घराचे तसे नाही. ते राहण्यासाठीच घेतले जाते, म्हणून तिथे दुरुस्तीचे पैसे वसूल होण्याची शक्यता अधिक.

माळवद म्हणजे तुळयांवर फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. खोलीत उभे राहून पाहिले तर तुळई शाबूत दिसते. ती कुजते भिंतीत गेलेल्या टोकाशी. तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून पाहावा. सहज आत शिरला, तर रंगरंगोटीचे अंदाजपत्रक फाडून टाकावे, कारण काम आता छताचे आहे. भिंतीच्या बुडाला लागलेला लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर येणारा क्षारही असाच फसवा : वरून रंग मारला तरी पुढच्या पावसाळ्यात पोपडे येतात.

सोलापुरात महापालिकेचे पाणी काही दिवसांआड येते. त्यामुळे घर पाहायला आलेला माणूस हौदाचे झाकण उचलून पाहतो, मग बोअरची चौकशी करतो. मोठा हौद आणि छताची गळती थांबवणे या न दिसणाऱ्या कामांचा पैसा मॉड्युलर किचनपेक्षा भरवशाने परत येतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कागदांचेही तसेच. मालमत्ता पत्रकावरची जुनी वारसनावे, गुंठेवारीचा (मंजूर आराखड्याविना तुकडे पाडून विकलेला) प्लॉट किंवा एका खोलीत बसलेला जुना भाडेकरू किंमत जितकी पाडतात, तितकी ती कोणताही मिस्त्री वाढवू शकत नाही.

एक कल्पित हिशेब पाहू. घर ३० लाखांना घेतले : कर्ज २१ लाख, पदरचे ९ लाख. मुद्रांक शुल्क ६ टक्के धरून १ लाख ८० हजार, नोंदणी फी ३० हजार, दलाली व वकील ५० हजार. दुरुस्ती ८ लाखांची ठरली आणि ८ लाख ८० हजारांवर गेली. वर्षाने घराला ४२ लाख आले. साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांच्या कर्जात पहिल्या वर्षी मुद्दल फिटते जेमतेम ४२ हजार, म्हणजे बाकी २० लाख ५८ हजार. इक्विटी ९ लाखांवरून २१ लाख ४२ हजारांवर गेली. ऐकायला हे छानच वाटते. पण खरेदी, शुल्क आणि दुरुस्ती मिळून घर पडले ४१ लाख ४० हजारांना. वाढ उरली ६० हजार. त्याच वर्षात व्याज गेले सुमारे १ लाख ७७ हजार. मालक स्वतः तिथे राहिला आणि त्याचे महिना १० हजार भाडे वाचले, तर तो कसाबसा काठावर येतो. घर रिकामे ठेवून विकले, तर तोट्यात जातो.

यातला ४२ लाखांचा आकडा सर्वांत निसरडा. रेडीरेकनरवर, म्हणजे सरकारी दरतक्त्यावर, त्यासाठी विसंबू नये. तो मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी असतो, आणि जुन्या बांधकामाला त्यात घसारा लागतो. मालकाने सांगितलेला भावही उपयोगाचा नाही. त्याच गल्लीत, तेवढ्याच जागेच्या आणि अलीकडे खरोखर झालेल्या दोन-तीन खरेदीखतांचे आकडे पाहावेत. व्यवहारात रोखीचा भाग असेल, तर तेही कमी दिसतात.

खरेदीपासून २४ महिन्यांच्या आत विकल्यास नफा अल्पकालीन ठरतो आणि त्यावर नेहमीच्या टप्प्यांनुसार आयकर लागतो. त्यानंतर तो दीर्घकालीन. २३ जुलै २०२४ पासून दीर्घकालीन नफ्यावरचा दर, इंडेक्सेशन (महागाईनुसार खरेदीची किंमत वाढवून धरणे) न धरता, १२.५ टक्के आहे. घरात केलेल्या भांडवली सुधारणांचा खर्च नफ्यातून वजा होतो, पण त्याला बिल लागते. मिस्त्रीच्या वहीत नुसती ‘उचल’ म्हणून मांडलेली रक्कम तिथे दाखवता येत नाही.