पानाचे चित्र आणि पानावरचा मजकूर: ‘ग्रंथ ऑनलाइन आहे’ म्हणजे नेमके काय आहे?

पुण्यात धर्मग्रंथांचा अभ्यास करणाऱ्या कोणाशीही बोलणे निघाले, तरी ‘ग्रंथ आता ऑनलाइन आहे’ हे वाक्य हमखास कानावर पडते. ज्ञानेश्वरीच्या अभ्यासवर्गात ते ऐकू येते, संस्कृतच्या विद्यार्थ्यांत ऐकू येते आणि पारायणाला येणाऱ्या ज्येष्ठांच्या तोंडीही आता ते रुळले आहे. वाक्य खरे असते, पण ते दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरले जाते. कधी त्याचा अर्थ असा असतो की पोथीच्या किंवा छापील पुस्तकाच्या प्रत्येक पानाचे चित्र घेऊन ते संकेतस्थळावर ठेवले आहे. कधी अर्थ असा असतो की त्या पानावरची अक्षरे कोणीतरी टाइप केली आहेत, किंवा संगणकाकडून ओळखून घेतली आहेत, आणि आपल्यासमोर आहे तो मजकूर. मोबाइलच्या पडद्यावर दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात, दोन्हींना लोक ‘पीडीएफ’ म्हणतात, आणि म्हणूनच त्यांची गल्लत होते. माझ्या मते आज धर्मग्रंथांच्या शिक्षणात जी बरीच अशुद्धी शिरते आहे, तिचे मूळ या गल्लतीत आहे.

स्कॅन म्हणजे पानाचे चित्र. ते काढताना यंत्र पानावरचा प्रकाश आणि अंधार लहान लहान ठिपक्यांत नोंदवते. ३०० डीपीआयवर स्कॅन केले तर एका इंचाच्या ओळीत असे ३०० ठिपके येतात. या ठिपक्यांपैकी कोणते ‘क’ आहेत आणि कोणती वाळवीने पाडलेली भोके आहेत, हे संगणकाला ठाऊक नसते. म्हणूनच स्कॅनमध्ये शब्द शोधता येत नाही. पण याच कारणामुळे स्कॅन कोणाच्याही वाचनाने रंगलेला नसतो, आणि पानावर जे आहे ते समजले नाही तरी तो टिपून ठेवतो. हस्तलिखित पोथीच्या बाबतीत हे फार मोलाचे ठरते. लेखनिकाने चुकलेले अक्षर पिवळ्या हरताळाने झाकून त्यावर दुरुस्ती केलेली असते. समासात दुसऱ्या हाताने एखादा पाठ नोंदवलेला असतो. मध्येच शाई आणि वळण बदलते आणि लेखनिक बदलला हे कळते. शेवटच्या पुष्पिकेत, म्हणजे लेखनिकाच्या समाप्तीच्या नोंदीत, शक, तिथी, गाव आणि लिहिणाऱ्याचे नाव येते. रंगीत स्कॅनमध्ये हे सगळे दिसते. तेच पान काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केले तर हरताळाचा पिवळा पट्टा पुसून जातो, आणि लेखनिकाने मुद्दाम झाकलेले अक्षर आणि मुळातच गळलेले अक्षर यांतला फरक कळेनासा होतो. जागा वाचवण्यासाठी रंग सोडणाऱ्यांनी एवढे एक पान डोळ्यांसमोर आणावे.

मजकुराचे काम वेगळ्या रीतीने चालते. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला आहे. देवनागरी ‘क’चा क्रमांक २३२५ आहे. संगणक ‘क’चा आकार साठवत नाही, हा क्रमांक साठवतो, आणि आकार त्या त्या फोनवरच्या फॉन्टमधून येतो. त्यामुळे मजकूर शोधता येतो, मोठा करून वाचता येतो, त्याची शब्दसूची काढता येते आणि यंत्राकडून मोठ्याने वाचूनही घेता येतो. सुमारे नऊ हजार ओव्यांची संपूर्ण ज्ञानेश्वरी मजकुराच्या रूपात दोन-तीन एमबीमध्ये सामावते. तिचा चांगला रंगीत स्कॅन मात्र सहज काही शे एमबी जागा घेतो. या सोयींचे मोल मला कमी करायचे नाही. एखादा शब्द ज्ञानेश्वरीत कुठे कुठे आला आहे हे पाहण्यासाठी पूर्वी अभ्यासकाला महिने घालवावे लागत. डेक्कन कॉलेजमध्ये १९४८ पासून चाललेल्या संस्कृत महाकोशासाठी विद्वानांनी हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्यांची संख्या एक कोटीच्या घरात जाते, यावरून त्या श्रमाची कल्पना यावी.

पण मजकूर पानावरून आपोआप उतरत नाही. तो कोणीतरी वाचलेला असतो, मग तो माणूस असो वा ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखणारी संगणकप्रणाली. जुन्या खिळ्यांच्या छपाईत ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ष’ आणि ‘प’, ‘ब’ आणि ‘व’ या जोड्यांनी यंत्र हमखास फसते. ‘ख’चे ‘रव’ होते आणि अनुस्वाराचा टिंब कागदावरचा डाग समजून गाळला जातो. त्यातही घातक चूक ती, जिच्यातून दुसरा अर्थपूर्ण शब्द तयार होतो. ‘वेष’चा ‘वेप’ झाला तर वाचणारा थबकतो. ‘भाव’चा ‘माव’ झाला तर थबकत नाही, कारण माया या अर्थाने ‘माव’ हा जुन्या मराठीतला खरा शब्द आहे आणि वाक्य तरीही काहीतरी अर्थ देत राहते. स्कॅनमधली उणीव डोळ्यांना दिसते: पान पुसट असते, कडेला कापलेले असते, किंवा गायब असते. मजकुरातली उणीव दिसत नाही, कारण चुकलेले अक्षरही बरोबर अक्षराइतक्याच स्वच्छ फॉन्टमध्ये उमटते.

येथे एक तिसरा प्रकारही ध्यानात घ्यावा लागतो, कारण पुण्यात तो फार आढळतो. युनिकोड रुळण्यापूर्वीची अनेक वर्षे नारायण पेठ-शनिवार पेठेतल्या डीटीपीच्या दुकानांत मराठी पुस्तके श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये जुळवली जात, आणि काही ठिकाणी ती आजही जुळवली जातात. अशा पुस्तकाची पीडीएफ पाहिली तर अक्षरे रेखीव आणि कितीही मोठी केली तरी न फाटणारी दिसतात, म्हणजे ते चित्र नव्हे. पण त्यांच्यामागे साठवलेले क्रमांक देवनागरीचे नसून इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे असतात. ओळख पटवण्याची रीत सोपी आहे. पीडीएफमधली एक ओळ बोटाने निवडून दुसरीकडे चिकटवून पाहावी. ओळ निवडताच येत नसेल तर तो निव्वळ स्कॅन आहे. चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी आली तर तो जुन्या फॉन्टचा मजकूर आहे. मराठी जशीच्या तशी आली तर तो युनिकोड मजकूर आहे. पानाचे चित्र वर आणि ओसीआरचा मजकूर त्याच्या मागे दडवलेला, अशाही पीडीएफ असतात. त्यांत आपण वाचतो ते चित्र आणि शोधतो तो मजकूर, आणि ही दोन्ही एकमेकांशी जुळतातच असे नाही.

शोध लागला नाही म्हणजे शब्द ग्रंथात नाही, असा निष्कर्ष विद्यार्थी फार लवकर काढतात, तोही याच कारणाने तपासून घ्यायला हवा. पसायदानाच्या पहिल्या ओवीत जुन्या लेखनाप्रमाणे ‘येणें वाग्यज्ञें तोषावें’ असे आहे. कोणी आजच्या सवयीने ‘येणे वाग्यज्ञे’ असे शोधले, तर साधी शोधयंत्रणा ओळ नाही म्हणून सांगेल, कारण मधला अनुस्वार तिच्या लेखी स्वतंत्र चिन्ह आहे. ‘ऱ्य’ हे जोडाक्षर तर युनिकोडमध्ये दोन वेगळ्या क्रमांनी लिहिता येते. डोळ्यांना दोन्ही एकसारखी, संगणकाला मात्र भिन्न.

या फरकाचा धर्मशिक्षणाशी थेट संबंध येतो तो पाठभेदांमुळे, म्हणजे एकाच ग्रंथाच्या वेगवेगळ्या प्रतींतल्या शब्दांच्या फरकांमुळे. ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे इ.स. १२९०ची. एकनाथ महाराजांनी शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिची प्रत शुद्ध केली, कारण तीनशे वर्षांच्या नकलांत पाठ बिघडले होते. पुढे इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये आपल्याला मिळालेल्या जुन्या पोथीवरून वेगळी संहिता छापली. वारकरी परंपरेत साखरे महाराजांची प्रत मोठ्या प्रमाणावर चालते. या प्रतींत शब्द वेगळे आहेत आणि ओव्यांची संख्याही सारखी नाही. आमच्या अभ्यासवर्गात एकदा तेराव्या अध्यायातली एक ओवी वाचायला घेतली, तेव्हा छापील प्रत घेऊन बसलेल्या काकूंचा ओवीक्रमांक आणि मोबाइलवर वाचणाऱ्या मुलाचा ओवीक्रमांक जुळेना. काकूंनी विचारले, “तुझी प्रत कोणती रे?” मुलाने ॲपचे नाव सांगितले. त्याचा त्यात काही दोष नव्हता, कारण ॲपमध्ये संपादकाचे नाव, वर्ष, छापखाना, काहीच दिलेले नव्हते. स्कॅनला निदान मुखपृष्ठ असते. मजकूर एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जाताना पहिल्यांदा मुखपृष्ठच गळते, आणि मग ‘ज्ञानेश्वरीत असे आहे’ एवढेच उरते.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत हा भेद अधिक स्पष्ट दिसतो. १९१९ मध्ये सुरू झालेले हे काम १९६६ मध्ये पूर्ण झाले. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते पडताळली गेली आणि विष्णु सीताराम सुखटणकरांनी संपादनाची पद्धत घालून दिली. त्या आवृत्तीचे कोणतेही पान स्कॅनमध्ये उघडून पाहावे. वरच्या भागात निश्चित केलेले श्लोक असतात आणि खाली बारीक अक्षरांत कोणत्या प्रतीत कोणता शब्द आहे याची दाट नोंद असते. कित्येक पानांवर खालचा भाग वरच्याहून मोठा असतो. याच आवृत्तीची संगणकीय संहिता जपानमधील मुनेओ तोकुनागा यांनी टाइप केली आणि केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी ती तपासून सुधारली. हे अत्यंत मेहनतीचे काम आहे आणि जगभरचे अभ्यासक त्यावर अवलंबून आहेत. तरीही त्यात शब्दाशब्दांचे पाठभेद नाहीत. ज्याने केवळ मजकूर पाहिला, त्याला निर्णय दिसतो. तो निर्णय कोणत्या पुराव्यांवर घेतला, हे पाहायचे तर त्याला पानाकडेच जावे लागते.

वेदाध्ययनात तर मजकुराची मर्यादा फारच लवकर गाठली जाते. ऋग्वेदाच्या छापील संहितेत अनुदात्त या स्वरासाठी अक्षराखाली आडवी रेघ आणि स्वरित या स्वरासाठी डोक्यावर उभी रेघ असते. ही दोन चिन्हे युनिकोडमध्ये पूर्वीपासून आहेत, पण सामवेद-यजुर्वेदातली अनेक स्वरचिन्हे २००९ मध्ये स्वतंत्र विभाग जोडल्यावरच आली, आणि ती नीट दाखवणारे फॉन्ट आजही सगळ्या फोनवर नसतात. परिणामी जालावर फिरणारी बरीच सूक्ते स्वरांशिवाय असतात. ज्याने संथा, म्हणजे गुरूकडून तोंडी पाठ, घेतलेली आहे, त्याला आठवणीसाठी ती पुरतात. नवशिक्याने त्यांवरून पाठ केले, तर मंत्राचा अर्धा भाग त्याच्यापर्यंत पोहोचलेलाच नसतो, आणि एकदा जिभेवर बसलेला चुकीचा पाठ काढणे नवा पाठ शिकवण्यापेक्षा अवघड असते, हे कोणतेही गुरुजी सांगतील.

मात्र एका ठिकाणी मी मजकुराच्या बाजूने निःसंदिग्धपणे उभा आहे. दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या फोनमधला, मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा यांत्रिक वाचक स्कॅनसमोर गप्प बसतो, आणि जुन्या फॉन्टची पीडीएफ असेल तर निरर्थक इंग्रजी अक्षरे उच्चारतो. शाळेचे पुस्तक असो, हरिपाठ असो वा गीता, संस्था जेव्हा केवळ पानांचे स्कॅन ठेवून ‘सर्वांसाठी खुले’ असे म्हणते, तेव्हा या विद्यार्थ्यांसाठी ते पुस्तक बंदच राहिलेले असते. डोळे अधू झालेल्या आजी-आजोबांचीही तीच अडचण आहे. अशा वाचकांसाठी तपासलेला युनिकोड मजकूर देणे हे संस्थांचे कर्तव्य आहे असे मी मानतो.

दोन्ही एकत्र ठेवण्याची रीत उपलब्ध आहे. मराठी विकिस्रोतावर एका बाजूला पानाचा स्कॅन आणि दुसऱ्या बाजूला त्याचा मजकूर असतो. न तपासलेले पान लाल, एकाने तपासलेले पिवळे आणि दुसऱ्या व्यक्तीने पुन्हा पडताळलेले हिरवे, अशी खूण तिथे असते, त्यामुळे समोरच्या ओळीवर किती भरवसा ठेवावा हे वाचणाऱ्याला कळते. अभ्यासवर्गाच्या समूहात ओव्या पाठवतानाही हे साधता येते: मजकुराखाली प्रतीचे नाव, वर्ष, अध्याय आणि ओवीक्रमांक लिहावा आणि शक्य असेल तर त्या पानाचे चित्र जोडावे.

ज्यांच्या घरी जुनी पोथी आहे, त्यांनी आधी ती रंगीत स्कॅन करावी आणि टाइप करण्याचा विचार नंतर करावा. पाने सुटी असतात, म्हणून क्रम न बदलता, पुढची आणि मागची अशा दोन्ही बाजू घ्याव्यात आणि आकार कळावा म्हणून एका पानाशेजारी मोजपट्टी ठेवावी. वेष्टणाचे कापड, लाकडी फळ्या, पुष्पिकेचे पान आणि कोरी पानेही वगळू नयेत; कित्येकदा कोऱ्या पानाच्या कोपऱ्यातच पोथी कोणाकडून कोणाकडे आली याची नोंद असते.