हुंटॉर्फची हवा आणि लाइटसेलची हवा एक नव्हे

कॉम्प्रेस्ड एअरमध्ये, म्हणजे दाबून भरलेल्या हवेत, वीज साठवण्याबद्दल काही छापून आलं की दोन वाक्यं हमखास शेजारी शेजारी दिसतात. 'हे तंत्र जर्मनीत 1978 पासून चालू आहे' आणि 'यात इंधन जाळावं लागत नाही.' दोन्ही आपापल्या जागी खरी आहेत, पण ती एकाच यंत्राबद्दल नाहीत. जर्मनीतलं 1978 चं वीजकेंद्र, हुंटॉर्फ, गॅस जाळतं. गॅस न जाळता तेच काम करू पाहणारी कॅलिफोर्नियातली लाइटसेल एनर्जी ही स्टार्टअप त्यानंतर तीसेक वर्षांनी आली. वाचणाऱ्याला वाटतं, बिनइंधनाचं तंत्र पन्नास वर्षं तावूनसुलाखून निघालंय. तसं नाही.

हुंटॉर्फ बहुतेकांना माहीत असतं, म्हणून भराभर सांगतो. रात्रीच्या स्वस्त विजेवर कॉम्प्रेसर चालवायचा, मिठाच्या थरात कोरलेल्या पोकळ्यांत हवा कोंबायची, मागणी वाढली की ती टर्बाइनकडे सोडायची. सुरुवातीची क्षमता 290 मेगावॉट. अमेरिकेत अलाबामामधलं मॅकिंटॉश याच जातीचं, 1991 चं, 110 मेगावॉटचं. हवा मिठात ठेवली, खडकात ठेवली की टाकीत, याने खर्च बदलतो, जात बदलत नाही.

जात ठरते उष्णतेवरून, आणि नेमकी तीच बातम्यांतून गायब असते.

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक तापतं. घर्षणाचा वाटा त्यात थोडा, मुख्यतः दाबलेली हवाच तापलेली असते. उलट, भरलेल्या ट्यूबच्या व्हॉल्व्हची पिन दाबा, बोटावर येणारी हवा गार लागते. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरच्या हेडला पट्ट्यापट्ट्या असतात, त्या ही उष्णता बाहेर टाकण्यासाठीच.

हाच प्रकार मोठ्या मापात पाहा. साधी हवा एका दमात वातावरणाच्या 70 पट दाबापर्यंत नेली आणि उष्णता निसटू दिली नाही, तर तापमान 700 अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. अशी हवा मिठाच्या पोकळीत भरता येत नाही. म्हणून हुंटॉर्फमध्ये ती टप्प्याटप्प्याने थंड करतात आणि उष्णता वातावरणात सोडून देतात. पुन्हा नेहमीच्या तापमानाला आलेल्या त्या हवेत, दाब कितीही असला तरी, बाहेरच्या तेवढ्याच हवेपेक्षा ऊर्जा जवळपास जास्त नसते. कॉम्प्रेसरला पाजलेली वीज उष्णता होऊन निघून गेलेली असते. हवेकडे उरते ती फुगण्याची ताकद, आणि फुगताना काम करायचं तर कुठून तरी उष्णता मिळायला हवी. ती दिली नाही तर हवा गोठणबिंदूच्या खूप खाली जाते, तिच्यातल्या ओलाव्याचं बर्फ होतं. हुंटॉर्फमध्ये गॅस जाळतात तो त्यामुळे.

आता हिशेब. हुंटॉर्फमधून 1 युनिट वीज मिळवायला सुमारे 0.8 युनिट वीज आणि 1.6 युनिटांइतकी गॅसमधली ऊर्जा लागते. गॅस वगळून भागाकार केला की कार्यक्षमता 125 टक्के येते. असं गणित मी खरंच पाहिलंय, आणि ते करणाऱ्याला हा आकडा खटकत कसा नाही, याचा मला राग येतो. गॅस धरला की उत्तर येतं 42 टक्के. मॅकिंटॉशमध्ये टर्बाइनच्या एक्झॉस्टवर, म्हणजे बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर, हवा आधी तापवून घेतात, म्हणून तिथे सुमारे 54 टक्के. मी हुंटॉर्फला साठवण म्हणायला तयार नाही. साध्या गॅस टर्बाइनची निम्म्याहून जास्त ताकद स्वतःचा कॉम्प्रेसर फिरवण्यात जाते. हुंटॉर्फ ते काम रात्रीच उरकून ठेवतं. ही हुशारी आहेच, पण गॅसच्या वीजकेंद्राची.

लाइटसेलने उष्णता हातातून जाऊच द्यायची नाही असं ठरवलं. डॅनिएल फोंग यांच्या या कंपनीची कल्पना अशी: हवा दाबतानाच सिलिंडरमध्ये पाण्याचा बारीक फवारा मारायचा. उष्णता पाणी शोषून घेतं, हवा फारशी तापत नाही, कोमट पाणी साठवून ठेवायचं. वीज हवी असेल तेव्हा हवा फुगताना तेच पाणी पुन्हा फवारायचं. गॅसची गरजच उरत नाही. माझ्या लेखी या क्षेत्रातली ही सर्वांत देखणी कल्पना. भारतीय वंशाचे गुंतवणूकदार विनोद खोसला यांच्या खोसला व्हेंचर्सने आणि बिल गेट्स यांनीही तिच्यात पैसे घातले होते. पुढे कंपनी नैसर्गिक वायूच्या टाक्यांकडे वळली आणि थांबली.

पण तेवढ्याने उष्णता सांभाळण्याची वाट बंद झाली नाही. टोरोंटोच्या हायड्रोस्टॉर कंपनीने 2019 मध्ये कॅनडातल्या गॉडरिच इथे 1.75 मेगावॉटचा छोटा प्रकल्प सुरू केला. तिथे उष्णता वेगळी साठवतात आणि हवा सोडताना तिला परत देतात. याच पद्धतीने ऑस्ट्रेलियात ब्रोकन हिलला 200 मेगावॉट आठ तास पुरवायची त्यांची योजना आहे. त्या योजनेच्या बातमीत हुंटॉर्फचा दाखला आला, तर तो जमिनीखालच्या पोकळीपुरता आणि टर्बाइनपुरता घ्या. उष्णतेच्या साठवणीबद्दल हुंटॉर्फ काहीच सिद्ध करत नाही.