केन टोड : कॅरिबियन बेटांवरील कीडनियंत्रण

ब्युफोनिडी कुलातील मोठा भेक (बेडकासारखा, खरबरीत कातडीचा प्राणी). शास्त्रीय नाव ऱ्हिनेला मरीना, जुन्या ग्रंथांत ब्युफो मरीनस. तो मूळचा मध्य व दक्षिण अमेरिकेतील. अँडीजच्या पश्चिमेकडील व मध्य अमेरिकेतील भेकांना अलीकडे ऱ्हिनेला हॉरिबिलिस ही वेगळी जाती मानण्याकडे कल आहे. उसावरील किडी व उंदीर यांच्या बंदोबस्तासाठी हा प्राणी एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत कॅरिबियन बेटांवर मुद्दाम सोडण्यात आला.

त्रिनिदाद दक्षिण अमेरिकेला लागूनच असल्याने तेथील भेक मूळचाच, याविषयी फारसा वाद नाही. लेसर अँटिलीसमधील (कॅरिबियनच्या पूर्वेकडील लहान बेटांच्या रांगेतील) बेटांबद्दल मात्र मतभेद आहेत. काही जुने लेखक तेथील भेकही स्थानिक समजत. तथापि तो दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील फ्रेंच गियानातून प्रथम मार्टिनिकला व पुढे बार्बेडोसला आणला गेला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. आनुवंशिक पुरावाही गियानाच्या किनाऱ्याकडेच बोट दाखवतो. हे स्थलांतर केव्हा झाले याची नेमकी नोंद नाही. १८४४ मध्ये बार्बेडोसहून भेक जमैकाला गेले, त्याआधी केव्हातरी ते झाले असले पाहिजे.

जमैकातील मळेवाल्यांना भेक हवा होता तो उंदरांसाठी. उसाचे कांडे कुरतडणाऱ्या उंदरांवर क्यूबातून आणलेल्या मुंग्यांचा प्रयोग तेथे अठराव्या शतकातच झाला होता. भेकाने उंदीर आटोक्यात आले नाहीत. १८७२ मध्ये डब्ल्यू. बँक्रॉफ्ट एस्प्यूट या मळेवाल्याने कलकत्त्याहून नऊ मुंगुसे मागवली. त्यांची प्रजा पुढे अनेक बेटांवर पसरली आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी व सरपटणारे प्राणी यांना जाचक ठरली.

भेकाची खरी ख्याती अमेरिकेच्या ताब्यातील प्वेर्तो रिको बेटावर झाली. १९२०च्या सुमारास मायाग्वेस येथील प्रयोगकेंद्राने बार्बेडोसहून भेक आणले. काही वर्षांनी जमैकाहून दुसरी खेप आली. रोख हुमणीवर होता. फिलोफॅगा प्रजातीच्या भुंगेऱ्यांची ही अळी जमिनीखाली उसाच्या मुळ्या खाते. महाराष्ट्रातील उसाला छळणारी हुमणी याच कुलातील आहे. काही वर्षांत कीड घटल्याचे दिसले आणि श्रेय भेकाला मिळाले. १९३२ मध्ये सान ह्वान येथे ऊस तंत्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे राकेल डेक्स्टर यांनी सुमारे ३०० भेकांच्या जठरांतील अन्नाची तपासणी सादर केली. त्या अन्नात निम्म्याहून किंचित अधिक वाटा उपद्रवी कीटकांचा होता. उरलेले बहुतेक निरुपद्रवी, थोडे उपकारकही होते.

हा पुरावा नीट पाहिला पाहिजे. जठरात भुंगेरा सापडणे म्हणजे भेक भुंगेरे खातो एवढेच. शेतातली हुमणी किती उरली हे त्यावरून कळत नाही. भेक माती उकरून अळी काढत नाही. त्याला मिळतो तो प्रौढ भुंगेरा, तोही संध्याकाळी जमिनीतून वर येताना किंवा पहाटे परत शिरताना. भेक न सोडलेल्या शेतांशी पद्धतशीर तुलना झालेली दिसत नाही. त्या वर्षांतील जास्त पावसामुळे कीड घटली असावी, असे नंतरच्या काही अभ्यासकांचे मत असून ते दुर्लक्षिण्याजोगे नाही. तरीही परिषदेच्याच वर्षी, १९३२ मध्ये, भेक हवाईला व १९३५ मध्ये तेथून सुमारे १०० ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडला गेले. तेथील भुंगेरे बराच काळ झाडांवर राहत असल्याने ते भेकाच्या हाती लागले नाहीत आणि भेक मात्र अनावर पसरला. दुसऱ्या महायुद्धानंतर कृत्रिम कीटकनाशके आली आणि उसाच्या मळ्यांतून भेकाचे महत्त्व संपले.

प्रौढ भेक सामान्यतः १० ते १५ सेंमी. लांब असतो. मादी एका वेळी हजारो अंडी घालते. ती काळ्या मण्यांसारखी लांब, बुळबुळीत माळांत ओवलेली असतात व पाणवनस्पतींभोवती गुंडाळलेली आढळतात. डोळ्यांमागील फुगीर ग्रंथींतून पांढरट दुधाळ विष पाझरते. भेक तोंडात धरल्यास कुत्रा मरू शकतो. अंडी व भैकेरही (अंड्यांतून निघणारी, पाण्यात राहणारी पिलेही) विषारी असतात.

सर्वांत गंभीर हानी प्वेर्तो रिकोतील शिखाधारी भेकाची, पेल्टोफ्रायनी लेमूरची, झाली असावी. बेटावरचा हा एकमेव स्थानिक भेक. जोरदार पावसानंतर साचणाऱ्या तात्पुरत्या डबक्यांत तो अंडी घालतो आणि तीच डबकी केन टोडही वापरतो. डबकी बुजवणे व किनाऱ्यावरील बांधकाम ही कारणेही तेवढीच महत्त्वाची आहेत. सगळा दोष आगंतुकावर टाकणे बरोबर होणार नाही. हा भेक नामशेष झाल्याचा समज १९६७ मध्ये तो पुन्हा सापडल्याने दूर झाला. १९८७ मध्ये अमेरिकेने त्याला संकटग्रस्त जातींच्या यादीत घेतले. प्राणिसंग्रहालयांत वाढवलेले त्याचे भैकेर ग्वानिकाच्या परिसरातील डबक्यांत सोडले जातात.