गोफाचं गणित पायांना कळतं

शिगम्यात गोव्यातल्या काणकोणला गोफ हा दोऱ्यांचा नाच बघायला गेलं की माझी मान सतत वर असते. मांडवाच्या मधोमध रंगीत दोऱ्या टांगलेल्या, एकेकीचं टोक एकेकाच्या हातात. घुमट-शामेळ ही वाद्यं घुमू लागली की नाचणारे एकमेकांना ओलांडत फिरतात आणि दर ओलांडणीला वरची वेणी थोडी खाली उतरते. गोफ पुरता विणला की तीच पावलं उलट्या क्रमाने. सगळ्यात शेवटी टाकलेलं पाऊल सगळ्यात आधी मागे घ्यायचं. एक जण चुकला की दोरी अडकलीच.

एमिल आर्टिन या गणितज्ञाने १९२५ मध्ये वेण्यांचं बीजगणित मांडलं. त्यातही वेणी सोडवायची रीत हीच.

पण उलटं फिरायलाच बंदी केली तर? जॉन कॉनवे या गणितज्ञाने त्यासाठी एक नाचच बसवला होता. आम्ही तो आठवीच्या मुलांना घेऊन अंगणात केला. चौघं चौकोनाच्या कोपऱ्यांवर, मध्ये दोन समांतर दोऱ्या. ही स्थिती म्हणजे शून्य. हुकूम दोनच. ‘पीळ’ म्हटलं की ठरलेल्या बाजूच्या दोघांनी जागा बदलायची, तीही दर वेळी एकाच पद्धतीने. संख्येत १ मिळवायचा. ‘फेर’ म्हटलं की चौघांनी एकेक कोपरा पुढे सरकायचं. संख्या उलटी करून चिन्ह बदलायचं.

दोन पीळ दिले, झाले २. आता सोडवा! फेर घेतला, उणे १/२. पीळ, १/२. पुन्हा फेर, उणे २. इथे दोरी धरलेली एक मुलगी, एरवी अपूर्णांक म्हटलं की गप्प बसणारी, ओरडली, “आणखी दोन पीळ, सुटतली!” दोन पीळ दिले आणि दोऱ्या खरंच मोकळ्या झाल्या.

मला नाचातून विज्ञान हवं ते असं. पाठीवर ‘इलेक्ट्रॉन’ची पाटी लावून गिरक्या घेतल्या तर प्रेक्षकांना फक्त गिरक्या दिसतात. १९७१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मैदानावर शेकडो जणांनी पेशीत प्रथिनं कशी तयार होतात ते नाचून दाखवलं, त्याचं चित्रीकरण आजही बघवतं, कारण तिथे माणसांची साखळी स्वतः रेणूचं काम करते. २००८ पासून तर संशोधक आपला पीएचडीचा विषय नाचून मांडण्याच्या स्पर्धेत उतरतात.

गोफातून मला डीएनए दाखवायचा आहे. आपल्या एकेका पेशीत सुमारे दोन मीटर डीएनए गुंडाळलेला असतो, आणि त्याचा गुंता सोडवायला टोपोआयसोमरेज नावाची विकरं असतात. ती उलटी फिरत बसत नाहीत. एक धागा कापतात, फटीतून दुसरा पलीकडे काढतात आणि कापलेला पुन्हा जोडतात. मांडाची, म्हणजे जिथे गोफ नाचतात त्या मानाच्या जागेची, रीत मोडायची नाही, म्हणून हे अंगणातच करू: एकाने क्षणभर दोरी सोडायची, शेजाऱ्याने त्या मोकळ्या जागेतून आपली दोरी पलीकडे न्यायची आणि पहिल्याने सुटलेलं टोक पुन्हा धरायचं.