करंगळीला मुंग्या आणि हँडलाचा कोन

पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या चौपाटीवर रविवारी सकाळी कणीस खायला थांबलेले सायकलस्वार हमखास हात झटकताना दिसतात. "रक्त अडतं हो, जेलचे हातमोजे घ्या," हा सल्लाही ठरलेला. पण नुसतं रक्त अडलं असतं, तर करंगळी आणि तिच्या बाजूची अर्धी अनामिका, एवढी नेमकी दीडच बोटं का बधिर झाली असती?

त्या दीड बोटांची संवेदना अल्नर नावाची मज्जातंतूची नस वाहून नेते. कोपर टेबलाला आपटलं की झिणझिण्या येतात, ती हीच. तळहातात शिरताना ती एका अरुंद बोगद्यातून जाते. त्याच्या एका बाजूला पिसिफॉर्म हे वाटाण्याएवढं हाड, दुसऱ्या बाजूला हॅमेट या हाडाचा हुकासारखा आकडा. फेलिक्स गियाँ या फ्रेंच शल्यविशारदाने १८६१ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून तो गियाँचा बोगदा. शेजारच्या कार्पल बोगद्यावर जाड पट्ट्याचं छत असतं, याचं छत मात्र पातळ. आत नसेला दोन फाटे फुटतात. वरवरचा मुख्यतः संवेदनेचा, खोलातला तळहातातल्या छोट्या स्नायूंना हलवणारा. दाब तोंडाशीच आला तर बधिरपणा आणि अशक्तपणा दोन्ही येतात. फक्त खोल फाटा दबला तर मुंग्या अजिबात येत नाहीत, पण किल्ली फिरवताना किंवा बोटं फाकवताना जोर लागत नाही. म्हणून "मला मुंग्या येत नाहीत" म्हणणाराही सुटला असं नाही.

आता हँडल. दोन्ही मुठींत एकेक पेन धरा, डोळे मिटा, हात सैल पुढे करा. पेनं एका सरळ रेषेत येत नाहीत. अंगठ्याकडची टोकं वर आणि पुढे झुकलेली असतात. तळहात पूर्ण जमिनीकडे वळवायला कोपराखालच्या दोन हाडांपैकी रेडियस हे हाड शेजारच्या अल्नावर तिरपं आडवं जावं लागतं आणि ती हालचाल जवळपास शेवटच्या टोकाला नेलेली असते. माउंटन बाइकचा सरळ दांडा हेच तासन्‌तास करायला लावतो. मग मनगट मुडपतं, किंवा ते वाचवायला कोपरं बाहेर काढावी लागतात, आणि धडाचा भार तळहाताच्या करंगळीकडच्या उशीवर, म्हणजे थेट बोगद्यावर पडतो. मऊ जेलने तो थोडा पसरतो, मनगटाचा कोन बदलत नाही. तांब्याचं कडं आणि चुंबकाचा पट्टा तर तेवढंही करत नाहीत.

पेठांतून दुधाच्या किटल्या नेणाऱ्या काळ्या सायकलींचं मागे वळलेलं हँडल आठवा. त्याच्या मुठी जवळपास सायकलीच्या लांबीला समांतर असतात आणि तळहात एकमेकांकडे वळतात. आपण ते जुनाट म्हणून टाकलं, याचं मला खरंच वाईट वाटतं. आज ४५ अंश मागे वळलेली हँडलं 'नवीन' म्हणून मिळतात. फुलपाखरासारखं ट्रेकिंग हँडलही आहे. त्यावर हात ठेवायच्या जागा अनेक, म्हणून दाब एकाच ठिकाणी साचत नाही.

हँडल बदलण्याआधी सीट तपासा. तिचं नाक खाली झुकलेलं असेल तर अंग पुढे घसरतं आणि हातांवर भार येतो; ते सपाट करणं फुकट आहे. मग मापं. सरळ आणि मागे वळलेल्या हँडलांच्या मुठीचा व्यास बहुधा २२.२ मिमी, रेसिंगच्या वाकड्या हँडलाचा २३.८, त्यामुळे एकाचे ब्रेक लिव्हर दुसऱ्यावर बसत नाहीत. मधली पकडही २५.४ की ३१.८ मिमी ते पाहून घ्या. वळलेल्या हँडलाने मुठी मागे येतात, तेव्हा स्टेम, म्हणजे हँडल मधोमध पकडून सायकलीला जोडणारा तुकडा, लांब लागू शकतो. पूर्ण वळवून गुडघ्याला लागत नाही ना आणि केबल ताणत नाही ना, ते बघा. मुठींची मागची टोकं किंचित खाली ठेवा आणि लिव्हर असे लावा की बोटं त्यांवर असताना मनगट हाताच्या रेषेत राहील.

किंमत आहेच. पाठ उभी राहिल्याने वारा जास्त अडतो, आणि बोपदेव घाटात उभं राहून पॅडल मारताना मुठी मांड्यांच्या आड येतात. रोज कोथरूड ते कॅम्प जाणाऱ्याला मात्र याने फारसं बिघडणार नाही. बोटांतला जोर कमी वाटत असेल, तर हँडलाची दुकानं फिरण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन नसेची चाचणी करून घ्या.