प्रोस्टेटचं ऑपरेशन: आधी ग्रंथीचा आकार विचारा

सांगली-मिरजेकडे कुणाच्या वडिलांची लघवी तुंबली आणि नळी लावून त्यांना घरी पाठवलं, की घरात एकच चर्चा सुरू होते: दुर्बिणीनं करायचं की लेझरनं? जतपासून कोकणापर्यंतची माणसं उपचारासाठी मिरजेला येतात. त्यामुळे 'आमचं लेझरनं झालं, लगेच घरी सोडलं' असं सांगणारा एखादा पाहुणा प्रत्येकाकडे असतोच. पण लेझरची तारसुद्धा लघवीच्या वाटेनं, दुर्बिणीतूनच आत जाते. म्हणून पहिला प्रश्न वेगळा हवा: ग्रंथी केवढी आहे?

तरुणपणी प्रोस्टेट साधारण 20 ग्रॅमची असते. मूत्राशयाच्या तोंडाशी असलेल्या या ग्रंथीच्या मधून मूत्रमार्ग जातो. उतारवयात ग्रंथीचा आतला भाग वाढला की हा मूत्रमार्ग दाबला जातो. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे, आणि टॅमसुलोसिनसारख्या गोळ्यांवर अनेकांचं वर्षानुवर्षं भागतं. मात्र लघवी पुन्हा पुन्हा तुंबत असेल, वारंवार जंतुसंसर्ग होत असेल, मूत्राशयात खडे झाले असतील किंवा किडनीवर ताण आला असेल, तर 'पुढच्या वर्षी बघू' म्हणू नये. वर्षानुवर्षं जोर लावून थकलेला मूत्राशयाचा स्नायू अडथळा काढल्यावरही पूर्ववत होईलच असं नाही.

आपल्याकडे 'दुर्बिणीचं ऑपरेशन' म्हणतात ते टीयूआरपी. विजेवर चालणाऱ्या तारेच्या छोट्या कडीनं ग्रंथी आतून थोडी थोडी खरवडतात आणि निघालेले तुकडे पाण्यानं धुऊन बाहेर काढतात. जुन्या पद्धतीत सलाइन चालत नसे, कारण त्यातून वीज वाहून जाते. मग ग्लायसिनचं पाणी वापरत. ते उघड्या शिरांतून रक्तात शिरलं, की सोडियम घसरून रुग्ण गोंधळायचा, कधी जिवावर बेतायचं. म्हणून सर्जन साधारण तासाभरात काम आटोपत. नव्या बायपोलर यंत्रात सलाइन चालतं, त्यामुळे हा धोका जवळपास संपला. साधारण 30 ते 80 ग्रॅमच्या ग्रंथीसाठी टीयूआरपी आजही भरवशाचं आहे. त्याला 'जुनं' म्हणून नाक मुरडणं मला अजिबात पटत नाही.

ग्रंथी 100-150 ग्रॅमची असली, की खरवडणं पुरत नाही. पूर्वी अशा वेळी पोट उघडत. भारतात इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये वीसेक वर्षं काढून परतलेल्या पीटर फ्रायर यांनी 1900 मध्ये लंडनमध्ये मूत्राशय उघडून, आत बोट घालून वाढलेला भाग कवचापासून अखंड सोडवला. 1990 च्या दशकात न्यूझीलंडमध्ये पीटर गिलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोटाचं तेच काम होल्मियम लेझरकडून, पोट न उघडता करून घेतलं. हेच होलेप. या लेझरची ऊर्जा पाण्यात शोषली जाते आणि ऊतीत अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी खोल जाते. सुटलेला भाग मूत्राशयात ढकलून यंत्रानं बारीक करून ओढून घेतात. रक्तस्राव कमी, नळी लवकर निघते आणि ग्रंथीच्या आकाराची अडचण नाही. हृदयासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना याचा खरा फायदा. पण हात बसायला सर्जनला बरीच ऑपरेशनं करावी लागतात. 'डॉक्टर, तुम्ही अशी किती केली आहेत?' हे विचारण्यात काहीच गैर नाही. नंतर काही आठवडे खोकताना-उठताना लघवी थेंब थेंब गळू शकते. बहुतेकांची ती थांबते.

वाफेनं ऊती जाळणारं रेझूम आणि ग्रंथी बाजूला ओढून धरणारं युरोलिफ्ट हे मध्यम आकारासाठीचे हलके उपाय. पुन्हा उपचार लागण्याची शक्यता इथे जास्त, पण वीर्यस्खलन बहुधा टिकून राहतं.

याच मुद्द्यावर दवाखान्यात दोन्ही बाजू गप्प बसतात. टीयूआरपी किंवा होलेपनंतर बहुतेकांचं वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं आणि लघवीतून निघून जातं. त्यानं अपाय होत नाही, ताठरताही सहसा जात नाही, पण मूल हवं असेल तर अडचण येते. हे ऑपरेशनच्या आधी, शक्यतो पत्नीच्या समोर, स्पष्ट बोललं गेलंच पाहिजे.

आणखी एक गैरसमज: 'प्रोस्टेट काढली, आता कॅन्सरची भीती नाही.' या ऑपरेशनांत फक्त वाढलेला आतला भाग निघतो. बाहेरचं आवरण जागेवर राहतं, आणि कॅन्सर बहुतांशी तिथेच सुरू होतो. म्हणून काढलेल्या तुकड्यांचा तपासणी अहवाल मागून घ्या, जपून ठेवा आणि पुढे पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी कधी करायची ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.